पाच दिवसांचे गुपित

आर्थर ब्रुक नावाच्या एका इंग्रज कवीने १५६२ साली रोमिअस आणि ज्युलिएट यांची कथा एका दीर्घ काव्यात सांगितली. कथा मुळात इटलीची. दा पोर्तो, बांदेल्लो अशा कथाकारांच्या हातांतून फिरत फिरत ती फ्रेंचमध्ये गेली आणि तेथून ब्रुककडे आली. ब्रुक हा मोठा सोवळा गृहस्थ असावा. काव्याच्या आरंभी त्याने वाचकांसाठी एक प्रस्तावना जोडली आणि तीत सरळ बजावले की, ही जोडी वासनेच्या आहारी गेली, आईबापांना तिने जुमानले नाही, दारुड्या म्हाताऱ्यांचा आणि भोंदू जोग्यांचा सल्ला तिने घेतला, म्हणून तिचा असा शेवट झाला. गंमत अशी की, प्रस्तावना संपवून कथेला हात घातल्यावर हा न्यायाधीश स्वतःच आरोपींच्या प्रेमात पडला! काव्यात त्या दोघांविषयी त्याला कळवळाच वाटत राहतो.

तीसेक वर्षांनी शेक्सपिअरने हेच काव्य समोर ठेवून नाटक लिहिले. ते १५९७ साली प्रथम छापले गेले. त्याने ब्रुकची प्रस्तावना टाकून दिली. परंतु आपल्या घराघरांतून मात्र ती अद्याप जिवंत आहे. कॉलेजातल्या मुलाच्या हातात हे नाटक दिसले की, घरातली वडील मंडळी चष्मा सावरून म्हणतात, 'वाच बाबा, उतावीळपणाने आणि लपवाछपवीने काय होते ते!' हे म्हणणे खोटे आहे असे मुळीच नाही. उतावीळपणा आणि गुपित या दोनच धाग्यांनी हे सारे नाटक विणलेले आहे. प्रश्न एवढाच की, हे धागे कोणाकोणाच्या हातांत होते?

प्रथम उतावीळपणा. ब्रुकच्या काव्यात ही कथा कित्येक महिने चालते. लग्न झाल्यावर नायक-नायिका एक-दोन महिने चोरून भेटत राहतात. शेक्सपिअरने हा सगळा काळ आठवड्याच्या आत कोंबला. रविवारी रात्री मेजवानीत नजरानजर होते, त्याच रात्री सज्जाखाली आणाभाका होतात, सोमवारी दुपारी साधू लॉरेन्सच्या मठीत लग्न लागते, तासाभरात भर रस्त्यावर दोन मुडदे पडतात आणि मंगळवारी पहाटे नवरा हद्दपार होऊन मांतुआची वाट धरतो. ज्युलिएट त्या औषधाच्या अंमलाखाली बेचाळीस तास निजणार, हा हिशेब धरला तर शुक्रवारची पहाट उजाडण्यापूर्वी सारे संपलेले असते. नायिकेचे वयही त्याने उतरवले. ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची होती, शेक्सपिअरच्या ज्युलिएटला चौदावे पुरे व्हायला अजून दोन आठवडे अवकाश आहे. ते जुलैच्या शेवटच्या रात्री पुरे होणार, एवढा तपशील तिची दाई आपल्या तोंडाळ बडबडीत पुरवते.

पण हा वेग केवळ त्या दोघांचा आहे काय? ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट पाहा. पहिल्या अंकात तो फार शहाण्यासारखा बोलतो. काउंट पॅरिस मागणी घालतो तेव्हा तो म्हणतो की, पोर लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या, आणि तिच्या होकारावाचून माझ्या होकाराला अर्थ नाही. असा बाप कोणाला आवडणार नाही? परंतु सोमवारी रात्री, बायकोच्या भाच्याचे प्रेत घरात असताना, हाच गृहस्थ मुलीला न विचारता लग्न ठरवून मोकळा होतो. बुधवार फार लवकर होईल म्हणून गुरुवार धरतो. मंगळवारी मुलगी नमली असे पाहताच आनंदाच्या भरात पुन्हा बुधवारच ठरवतो. हा एक दिवस वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. गुरुवार कायम राहिला असता तर ज्युलिएटने औषध एक रात्र उशिरा घेतले असते आणि मांतुआला निरोप पोचायला एक दिवस अधिक मिळाला असता. मुलांच्या घाईचा एवढा बोभाटा होतो. बापाने हसतहसत हिरावून घेतलेला हा एक दिवस मात्र कोणी मोजत नाही.

उलट, ज्युलिएटलाच आपल्या घाईची भीती वाटलेली आहे. सज्जाच्या त्या प्रसंगात हे सारे फार अविचारी, फार अचानक घडते आहे, हे तीच बोलून दाखवते. आणि मग त्याच प्रसंगात, काही घटकांच्या आत, लग्नाचा निरोप धाडण्याची बोलणीही तीच करते. तिचे भान आणि तिचा आवेग एकाच श्वासात वावरतात. चौदा वर्षांच्या मुलीचे इतके खरे चित्र मी तरी क्वचितच वाचले आहे. (खुद्द शेक्सपिअरचे लग्न १५८२ च्या नोव्हेंबरात खास परवाना काढून लगबगीने झाले. तो अठरा वर्षांचा, वधू सव्वीस वर्षांची आणि पुढच्या मे महिन्यात थोरली मुलगी जन्माला आली. घाईवर प्रवचन झोडण्याचा मोह त्याला का झाला नसावा, याचा तर्क ज्याने त्याने करावा.)

आता गुपित. नाटकाचे खरे यंत्र हे आहे आणि ते कसे फिरते हे पाहण्यासारखे आहे. लग्न कोणाला ठाऊक? साधू लॉरेन्सला, दाईला आणि रोमिओचा नोकर बाल्थाझार याला. बाकी सारे गाव अंधारात. सोमवारी दुपारी टिबाल्ट रस्त्यात रोमिओला डिवचतो. रोमिओ लढत नाही, कारण तासाभरापूर्वीच टिबाल्ट त्याचा मेहुणा झालेला आहे. पण हे कारण त्याला तोंडाबाहेर काढता येत नाही. मर्क्युशिओला वाटते, आपला मित्र भेकड ठरला. तो तलवार उपसतो, रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबाल्टचा वार मर्क्युशिओला लागतो. नाटकातला सर्वांत हसरा माणूस आपण नेमके कशासाठी मेलो हे न कळताच मरतो. गुपिताने घेतलेला हा पहिला बळी. त्यानंतरची रांग तशीच आहे. ज्युलिएट रडते ती टिबाल्टसाठी, असे तिचे आईबाप समजतात, आणि तिचे दुःख हलके व्हावे म्हणूनच लग्नाची घाई करतात! पॅरिस थडग्यापाशी रोमिओशी लढून मरतो तो हा वैरी मेलेल्यांची विटंबना करायला आला आहे या समजुतीने. यांतला एकही जण दुष्ट नाही. ज्याच्या-त्याच्या माहितीपुरता प्रत्येक जण बरोबरच वागला आहे.

आणि या गुपिताच्या पोटात साधू लॉरेन्स दुसरे गुपित भरतो. औषधाची गोष्ट दाईला ठाऊक नाही, बाल्थाझारलाही नाही. येथे एक बारीक दुवा आहे. रंगभूमीवर तो सहसा निसटतो. रोमिओला निरोप देताना लॉरेन्सने कबूल केले होते की, वेळोवेळी घडेल ते शुभवर्तमान तुझ्याच नोकराच्या हाती कळवीन. प्रत्यक्षात पत्र त्याने दिले ते जॉन नावाच्या दुसऱ्या साधूकडे, आणि त्यात किती नाजूक मजकूर आहे हेही त्याला सांगितले नाही. जॉन सोबतीसाठी आणखी एका अनवाणी साधूला शोधत एका घरी गेला. तेथे साथीच्या रोगाचा संशय आला आणि पहारेकऱ्यांनी दोघांना आत ठेवून दारे बंद केली. जॉनला काय, पत्र आज गेले काय नि उद्या गेले काय, सारखेच! इकडे बाल्थाझारने ज्युलिएटची अंत्ययात्रा डोळ्यांनी पाहिली आणि घोडा फेकत मांतुआ गाठले. खोटी बातमी चव्हाट्यावरची होती म्हणून ती घोड्यावर बसून गेली. खरी बातमी चोरून न्यायची होती म्हणून ती कुलपात अडकली. याला नशीब म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात नशिबापेक्षा लॉरेन्सचा स्वभाव अधिक दिसतो.

हा साधू लोकांना फार प्रिय आहे. वनस्पतींचे गुण जाणणारा, प्रेमळ, रोमिओला सावकाशीचे धडे देणारा. परंतु धडा देऊन झाल्यावर तोच त्याला त्याच दिवशी बोहल्यावर चढवतो. या लग्नाने दोन घराण्यांचे वैर मिटेल असा त्याचा विचार असतो. विचार उदात्त आहे. पण जे लग्न कोणाला सांगायचेच नाही ते कोणाचे वैर मिटवणार? मंगळवारी पॅरिस त्याच्याच मठीत उभा होता. त्या सज्जन तरुणाला एक वाक्य सांगितले असते तरी लग्न मोडले असते. मांतुआ व्हेरोनापासून सुमारे चाळीस किलोमीटर. विवाहित मुलीला तिच्या नवऱ्याकडे पोचती करणे हे विष-औषधांच्या खेळापेक्षा खासच सोपे होते. पण तसे केले असते तर लग्न कोणी लावले हे उघड झाले असते. शेवटी थडग्यात बाहेरची चाहूल लागताच हे महाराज त्या पोरीला दोन प्रेतांपाशी एकटी सोडून पळतात, तेव्हा त्यांची सारी भलाई किती पाण्यात होती ते कळते.

मग मुलांचा दोष नाहीच काय? आहे, आणि तो शेक्सपिअरने झाकलेला नाही. मांतुआत बातमी ऐकताच रोमिओ विचारतो की, साधूचे पत्र नाही काय? नाही म्हटल्यावर तो असो म्हणतो आणि चाळीस डकॅट देऊन एका उपाशी औषधविक्याकडून विष विकत घेतो. बाल्थाझार सबुरीने घ्या म्हणून विनवतो, तिकडे त्याचे लक्ष नाही. त्याहून भयंकर क्षण थडग्यातला. ज्युलिएटच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे हे त्याला दिसते. तो ते बोलूनही दाखवतो. ती लाली म्हणजे साक्षात जीव परत येत असल्याची खूण. पण मरणाचा निश्चय करून आलेल्या माणसाला तीत केवळ सौंदर्य दिसते. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडून सांगावे असे वाटते, इतके ते असह्य आहे.

येथे आपल्याला शाकुंतल आठवल्यावाचून राहत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते संगीतात आणल्यापासून मराठी घरांना शकुंतला माहेरवाशिणीसारखी परिचित आहे. तिचेही लग्न चोरून झालेले, तेही बाप घरी नसताना आणि ओळख होऊन फार दिवस लोटले नसताना. दुर्वासाच्या शापाची गोष्ट अनसूया आणि प्रियंवदा दोघींतच ठेवतात; अंगठी दाखव एवढेच सांगून सखीची पाठवणी करतात. अंगठी पाण्यात पडते आणि दरबारात शकुंतलेपाशी एकही पुरावा उरत नाही. चोरून जोडलेल्या नात्यावर शार्ङ्गरव तेथे जे तडकाफडकी बोलतो ते ब्रुकच्या प्रस्तावनेत शोभले असते. म्हणजे चूक तीच, गुपितात दडलेले दुसरे गुपितही तसेच, आणि तरीही शकुंतला जगते. शाप आणि त्याचा उःशाप हा कवीचा भाग सोडा. पण कण्व आश्रमात परततो आणि त्याला सारे कळते तेव्हा तो काय करतो हे पाहा. तो रागावत नाही, कोणाला जाब विचारत नाही. मुलीला जवळ घेतो, झाले ते योग्य झाले म्हणतो आणि आसवे पुसत तिला सासरी धाडतो.

कॅप्युलेटच्या घरी त्याच जागी काय होते? मुलगी गुडघे टेकून एक शब्द ऐका म्हणते. बाप तिला फरफटत चर्चला नेण्याची, घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर भुकेने मरू देण्याची भाषा करतो. ती आईकडे वळते. आई आता माझ्याशी बोलूच नकोस म्हणून निघून जाते. उरली दाई. जिने अंगावर पाजले, जिने दोराची शिडी आणून दिली, ती म्हणते की, पहिला नवरा असून नसल्यासारखाच, तेव्हा पॅरिसशी लग्न करून टाक. अवघ्या एका प्रवेशात त्या घराची तिन्ही दारे बंद होतात. ज्युलिएट लग्नाची गोष्ट बोलायच्या किती जवळ आली होती, हे तो प्रवेश सावकाश वाचणाऱ्याला जाणवते. तिने गुपित राखले हे खरे, पण त्या दिवशी ते ऐकायला घरात कान कोणाचा होता?

मॉन्टेग्यूच्या घरची तऱ्हा निराळी. तेथे कोणी ओरडत नाही. पहिल्याच प्रवेशात रोमिओचा बाप पुतण्यापाशी काळजी सांगतो की, मुलगा पहाटे एकटाच भटकतो, दिवसा खिडक्या लावून अंधारात बसतो, मी विचारून पाहिले, मित्रांकरवी विचारले, पण मनातले काही सांगत नाही. तेव्हा ज्युलिएटचे नावही त्याने ऐकलेले नव्हते. दुःख होते ते रोझलाइनचे. म्हणजे घरात न बोलण्याची सवय प्रेमाहून जुनी. या बापाचा लोभ खरा आहे. त्याने फक्त कळ काढणाऱ्यांच्या गर्दीत मुलाशी बोलायचे काम दुसऱ्यावर सोपवले आणि तेवढ्यात तो मुलगा समोरून येताना दिसताच तो बाजूला झाला.

नाटकाच्या शेवटी, थोडक्यात सांगतो असे म्हणून साधू लॉरेन्स सारी हकिकत चांगली चाळीस ओळींत सांगतो. प्रेक्षकांना ठाऊक असलेलेच पुन्हा कशाला, अशी तक्रार टीकाकार फार दिवसांपासून करीत आले आहेत, आणि प्रयोगात हे भाषण बहुधा कापले जाते. मला ते कापलेले आवडत नाही. त्या कबरस्थानात प्रथमच सारी गोष्ट एका तोंडाने, सर्वांसमक्ष बोलली जात असते. दोन्ही घराणी, राजा, पहारेकरी उभे राहून ऐकत असतात. सोमवारी सांगायचे ते शुक्रवारी, प्रेतांच्या साक्षीने, सांगितले जाते.

त्यानंतर राजा बाल्थाझारकडून एक पत्र मागून घेतो. रोमिओने थडग्यात उतरण्यापूर्वी ते बापासाठी लिहून दिलेले असते. प्रेम, लग्न, विष, सगळे त्यात आहे. या नाटकात महत्त्वाचे म्हणून धाडलेले आणि पोचलेले पत्र हेच एक. तेही मॉन्टेग्यूच्या हाती पडत नाही. राजा ते वाचतो आणि साधूची हकिकत खरी असल्याचे सांगतो. मॉन्टेग्यूची बायको त्याच रात्री मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने वारलेली आहे. तो तेथे उभा राहून, आपला मुलगा मनात काय घेऊन हिंडत होता, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो.