चौकाची आखणी : वारली लग्नचौक आणि ग्राफिक डिझायनरची निर्मितिप्रक्रिया

वारली चित्रकलेविषयी लिहिताना 'सहज', 'उत्स्फूर्त', 'निरागस' ही विशेषणे मराठीत इतक्या सवयीने योजली जातात की त्यांत काही वावगे आहे अशी शंकाही येत नाही. ती कौतुकाने योजलेली असतात हे खरे. परंतु त्यांमुळे चित्र काढणाऱ्या स्त्रीने केलेला विचार, घेतलेले निर्णय आणि मनात बाळगलेला आराखडा यांचे श्रेय तिच्याकडून काढून घेतले जाते. फ्रीलान्स ग्राफिक डिझायनरच्या बाबतीत नेमका उलटा अन्याय होतो. पानाची आखणी, समासांचे माप, मुद्रितांच्या तारखा, छपाईचे वेळापत्रक यांत तो रमतो, म्हणून त्याला कुशल कारागीर म्हटले जाते. कलावंत म्हणण्यास समीक्षक कचरतात. नियोजन आणि निर्मिती ही दोन भिन्न प्रकृतीची कामे आहेत, हा एकच समज या दोन्ही अन्यायांच्या मुळाशी आहे. लग्नचौक या चित्रप्रकाराच्या आधारे या समजाची तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

या तपासणीसाठी जव्हार-मोखाडा परिसर निवडण्यास कारण आहे. नियोजन हा शब्द या भागात ऐकू येतो तो बहुधा शासकीय अर्थाने. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालकांच्या कुपोषणबळींनी महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर योजना, आराखडे, आढावा बैठका हे शब्द या डोंगरांत रुळले. नियोजन म्हणजे बाहेरून येणारी गोष्ट आणि स्थानिक माणूस म्हणजे तिचा लाभार्थी, अशी विभागणी त्यातून दृढ झाली. वस्तुतः राब भाजण्यापासून नाचणी-वरईच्या लावणीपर्यंत, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडण्यापासून पावसाआधी परतण्यापर्यंत, येथील कुटुंबाचे वर्ष काटेकोर आखणीवरच चालते. जरा चुकले तर उपासमार ठरलेली. वावर या गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठीत वावर म्हणजे शेत, आणि शेतात बांध आधी व पेरणी मागाहून, हा क्रम कोणी मोडत नाही. लग्नचौकाचा क्रमही हाच आहे.

लग्नचौक घराच्या आतल्या भिंतीवर काढला जातो. कुडाची भिंत शेणामातीने लिंपून तिच्यावर गेरूचा हात दिला जातो. तांदूळ वाटून त्याचे पांढरे पाणी करायचे आणि बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की तीच कुंचला. चित्र काढायचे ते सवाशिणींनी. लग्नविधी चालविणारी धवलेरीही स्त्रीच. चौकोनाच्या चारही बाजूंना पट्ट्यांमागून पट्टे येतात. साखळी, नागमोडी रेषा, त्रिकोणांच्या रांगा अशी ही किनार कित्येकदा आतल्या चित्राइतकीच जागा व्यापते. आत पालघट देवी. शिडी, फणी, बाशिंग, चंद्र-सूर्य. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या. चौकाबाहेर झाडे, ताडीच्या माडावर चढणारा माणूस, तारपा, शिकार, आणि अलीकडे बस किंवा आगगाडीसुद्धा.

यातील काही घटक बंधनकारक आहेत, काही ऐच्छिक. पालघट वगळता येत नाही. तिच्यावाचून विधी उभा राहत नाही. माडावरचा माणूस वगळला तर कोणी जाब विचारणार नाही. ग्राफिक डिझायनरला ग्राहकाकडून मिळणाऱ्या कामाच्या तपशिलाचीही हीच रचना असते. संस्थेचे नाव, बोधचिन्ह, तारीख हे ठरलेले. उरलेली जागा त्याची. कसब या उरलेल्या जागेत दिसते, असे मानण्याकडे सामान्यतः कल असतो. चौक पाहिल्यावर मात्र हे मत तपासून घ्यावे लागते. किनारीचे पट्टे किती, त्यांची जाडी किती, कोपऱ्यावर साखळी कशी वळवायची, देवीसाठी मध्यभागी किती मोकळे अंग ठेवायचे, हे सर्व निर्णय बंधनकारक भागातले आहेत आणि चित्राचा तोल त्यांवरच ठरतो. किनार जाड झाली तर देवी गुदमरते, पातळ झाली तर ती भिंतीवर भटकते. बाहेरची शिकार कितीही देखणी असली तरी हा दोष झाकला जात नाही.

साधनाचाही विचार करावयास हवा. तांदळाचे पाणी ओले असताना गेरूवर फिके दिसते. ते वाळले म्हणजे पांढरे उमटते. म्हणजे काढणारीला आपली रेषा काढताक्षणी पुरती दिसत नाही. तिचा पूर्ण परिणाम तिने आधीच डोळ्यांसमोर आणलेला असावा लागतो. खोडून काढण्याची सोय नाही. फार तर तेवढा भाग पुन्हा सारवावा लागेल, आणि लग्न तर दाराशी आलेले. अशा स्थितीत एकाच चौकावर अनेक जणी हात चालवितात आणि पट्टे तरीही जुळतात. याला उत्स्फूर्त म्हणणे म्हणजे तयारी दिसली नाही म्हणून ती नव्हतीच असे ठरविणे होय. स्वित्झर्लंडच्या योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांनी पानाच्या चौकटजाळीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १९८१ मध्ये प्रकाशित केला आणि आखणी ही डिझायनरची शिस्त म्हणून जगभर मान्य झाली. सवाशिणीच्या शिस्तीला ग्रंथ नाही, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक अभ्यासकांना वाटतो तितका मोठा नाही.

सवाशिणीला फ्रीलान्स कलावंत म्हणणे कितपत योग्य, असा आक्षेप येथे संभवतो. साम्य आहे ते असे : चित्रे काढणे हा तिचा कायमचा पेशा नाही, काम निघाले की बोलावणे येते, मुदत ठरलेली असते, काम संपले की ती आपल्या शेताकडे वळते. भेद मात्र मूलगामी आहे. फ्रीलान्स डिझायनर आपले नाव जपतो, कारण पुढचे काम त्या नावावर मिळते. चौकाखाली सही नसते आणि पुढच्या सारवणात चौकही उरत नाही. तेव्हा ही तुलना व्यवसायापुरती लंगडी ठरते. निर्मितिप्रक्रियेपुरती ती टिकते.

सही आली ती कागदाबरोबर. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातील वारली पाड्यांवर कागद व रंग नेले. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचे नाव त्यातून पुढे आले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. पुरुष असूनही त्यांनी बायकांची मानलेली कला हाती घेतली याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यांच्यापुढच्या रचनेच्या प्रश्नाची चर्चा तुलनेने कमी झाली. कागदावर विधी नाही, म्हणून चौकाची किनार नाही. मग चित्र कशाने धरून ठेवायचे? मशे यांच्या मासेमारीच्या चित्रांत याचे उत्तर सापडते. बारीक रेषांनी विणलेले जाळे जवळजवळ सगळा पृष्ठभाग व्यापते आणि जाळेच चौकटीचे काम करते. विषय आणि आखणी यांची अशी एकरूपता आधुनिक भारतीय चित्रकलेत विरळ आहे.

याउलट, वारली आकृत्या वापरणाऱ्या आजच्या बहुतेक ग्राफिक कामांत आकृती तेवढी उचललेली असते आणि आखणी मागे राहते. कोरल ड्रॉच्या तयार फाईलमधून दोन त्रिकोणांची माणसे लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, पिशवीवर, हॉटेलच्या भिंतीवर येऊन बसतात. तारपा नाचाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. नाचणारे हातांत हात गुंफून वादकाभोवती वळणे घेतात. ते त्याच्या सुरांवर दिशा बदलतात आणि तारप्याकडे पाठ करीत नाहीत. चित्रातील सर्पिल वळण हे या नात्याचे रेखन आहे. त्याचे एक टोक मोकळे असते, कारण तेथून साखळी वळते. बोधचिन्हाच्या सोयीसाठी डिझायनर ते टोक बंद करतो, गोल वर्तुळ करतो आणि मधला वादक काढून तेथे संस्थेचे नाव घालतो. माणसे नाचत राहतात, कोणाच्या सुरावर ते मात्र कळत नाही. हा अज्ञानाचा दोष आहेच. त्याहून अधिक तो नियोजनाचा दोष आहे. ज्याला स्वतःच्या कामात समास आणि मोकळी जागा यांचे महत्त्व पटलेले आहे, त्याने दुसऱ्याच्या चित्रातील मोकळी जागा रिकामी समजावी, हे अधिक खटकते.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. कोणता पट्टा आधी आणि कोणता नंतर, देवीभोवती किती जागा सोडायची, हे ज्ञान त्याच्या कक्षेत येत नाही. ते अजून सवाशिणींकडे आहे. एखाद्या डिझायनरला ते हवे असेल तर तयार फाईल उघडण्यापूर्वी त्याने जव्हारच्या एखाद्या पाड्यावर लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचावे लागेल आणि किनारीचा पहिला पट्टा ओढला जात असताना तेथे बसावे लागेल. त्यासाठी त्या सवाशिणीला आपल्या कामाच्या मोबदल्यात भागीदार करून घेण्याची तयारीही त्याच्या नियोजनात असावी लागेल.