वाट पाहणारे पुराण

नोव्हेंबर सरता सरता आखनच्या कॅथेड्रलशेजारच्या चौकात नाताळचा बाजार भरतो. ‘प्रिंटन’ या मसालेदार बिस्किटांचा वास सुटतो आणि सण येण्याआधीच साजरा होऊ लागतो. चर्चच्या पंचांगात मात्र तो आगमनकाळ असतो: नाताळपूर्वीचे चार रविवार. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक लावायची, जागे राहायचे, वाट पाहायची. मराठीत या वाट पाहण्याचा एक मोठा ग्रंथ आहे, याची आठवण आपल्याला क्वचितच होते.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आपली त्याच्याशी ओळख असते ती मराठीच्या स्तुतीच्या दोन-चार ओव्यांपुरती. भाषणांतून त्याच म्हटल्या जातात आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा बाकीचा ग्रंथ तसाच राहतो.

ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थच ‘ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयी विवेचन’ असा आहे. पण येणारा लवकर येत नाही. एकूण ९५ अध्यायांपैकी ३६ पहिल्या पुराणात खर्ची पडतात: सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन, जलप्रलय, संदेष्ट्यांची भाकिते. वाचक कंटाळेल, हे खरे. परंतु माझ्या मते ही लांबी हा दोष नसून आशय आहे. ज्यांनी वचन ऐकले त्यांनी ते पुरे झालेले पाहिले नाही. तरी ते पुढच्या पिढीच्या हाती दिले. आपला विठोबा विटेवर भक्तासाठी थांबतो. येथे माणसे देवासाठी थांबतात. आणि ते थांबणे आपल्याच ओवीत आहे. तिचा आखूड चौथा चरण दरवेळी क्षणभर विसावतो आणि पुन्हा चालू लागतो.

तरीही एक गोष्ट खटकते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत रक्त सांडले होते. स्टीफन्स यांच्या श्रोत्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. तेही कशाची तरी वाट पाहत असतील. काव्यात ते प्रश्न विचारतात, पण गुरूजवळ उत्तर आधीच तयार असते. जागे राहणे म्हणजे कोण येणार हे ठाऊक नसतानाही दार उघडे ठेवणे, असे मानले तर कवी येथे कमी पडतो. त्याने श्रोत्यांची भाषा मनापासून ऐकली. त्यांचे दुःख तितके ऐकले नाही.

असे असूनही हा ग्रंथ वाचावा, आणि आगमनकाळातच वाचावा. १९५६ ची शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती कोणाकडे असेल तर हिशेब सोपा आहे: ३६ अध्याय, चार आठवडे, आठवड्याला नऊ. दुसरे पुराण मात्र नाताळपर्यंत उघडू नये. बाहेर बाजार कितीही गजबजलेला असला, तरी तेवढा धीर आपल्याला धरता येईल.