स्थिर स्थान आणि अस्थिर पाणी : बर्म्युडाच्या नोंदींचे मूल्यमापन

बर्म्युडाच्या आग्नेयेस ‘हायड्रोस्टेशन एस’ हे निरीक्षणस्थान १९५४ साली हेन्री स्टॉमेल प्रभृतींनी प्रस्थापित केले. तेथे साधारणतः दर पंधरवड्यास निरनिराळ्या खोलींवर तापमान व क्षारता मोजण्यात येते. खोल सागराची इतकी दीर्घ नोंदमाला विरळाच.

तथापि तीवरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष सारख्याच योग्यतेचा नव्हे. स्थान स्थिर असले तरी पाणी स्थिर नसते. विस्तीर्ण भोवरे तेथून जाताना थर वर-खाली करतात. ठराविक खोलीवरील तापमानवाढीचे म्हणूनच दोन अर्थ संभवतात : एक तर तेथील पाण्याचे स्वरूपच पालटले, किंवा वरचा उष्ण थर केवळ खाली सरकला. एकटा तापमापक याचा निवाडा करू शकत नाही. थर नुसता सरकल्यास तापमान व क्षारता यांचा परस्परसंबंध टिकतो. पाणीच पालटल्यास बहुधा तो बदलतो. क्षारतेच्या नोंदीचे खरे महत्त्व येथे आहे.

जॉइस व रॉबिन्स यांनी १९९६ साली जुन्या निरीक्षणांची जोड देऊन १,५०० ते २,५०० मीटरांच्या पट्ट्यात शतकास सुमारे ०.५ अंश सेल्सिअस वाढ दाखविली. म्हणजे वर्षास ०.००५ अंश, पूर्वीच्या पाऱ्याच्या तापमापकांची अचूकताही एवढी नव्हती. दशकानुदशकांच्या सातत्यामुळेच हा कल दृष्टीस पडला. मात्र तो एका स्थानाचा आहे, साऱ्या महासागराचा नव्हे. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते : न घेतलेले मापन पुढे कोणत्याही उपायाने भरून काढता येत नाही.