धान्याचे शत्रू आणि पत्रकाचे मौन

शेतकी पत्रके आणि पुस्तिका यांना आपले समीक्षक वाङ्मय मानीत नाहीत. ती मानली पाहिजेत असे मला वाटते. कथा-कादंबरी ज्या घरात कधी पोचत नाही, त्या घरात हे पत्रक खिळ्याला टांगलेले असते. म्हणून या वाङ्मयाचा नायक कोण, हे विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

प्रथम पत्रकाचे ऋण मान्य करू. साठवणीपूर्वी धान्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा; वाळलेला दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे; पोती भिंतीला न टेकविता फळ्यांवर रचा. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरायचे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. ७० किंवा अधिक उगवले तरच पेरा. हे सारे खरे आहे, आणि दोन एकरवाल्याला ते मोठ्या बागाईतदारापेक्षा अधिक हवे आहे. त्याचे एक पोते नासले तर वर्षातला एक महिना नासतो. विज्ञान नाकारणे हा आपला मार्ग नव्हे. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना ताली-बंधारे बांधून पाणी शेतात मुरविण्याचे उपाय सुचविलेच. पण त्याच पुस्तकात शेतकऱ्याला कोण लुबाडतो हेही सांगितले. उपाय आणि लुबाडणूक त्यांनी वेगळी केली नाही. पत्रकाने ती वेगळी केली.

पत्रकाचा आरंभ ‘शेतकरी बंधूंनो’ असा असतो. या बंधूच्या नावावर सातबारा आहे, घरात एक खोली जास्तीची आहे, आणि भाव चढेपर्यंत थांबण्याची ऐपत आहे. त्याच्या धान्याला शत्रू तीन: किडा, उंदीर आणि ओल. चौथ्या शत्रूविषयी पत्रक बोलत नाही. तो शत्रू म्हणजे देणे.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडिलांची जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. आमची कणगी शेणामातीने लिंपलेली, कोरडी, जमिनीपासून उंच ठेवलेली होती. शास्त्राच्या कोणत्याही कसोटीला ती उतरली असती. परंतु सुगीत खळ्यावरूनच निम्मा माल उधारीच्या दुकानदाराकडे जाई, आणि उरलेला संक्रांतीपर्यंत संपे. कीड लागायला कणगीत काही उरत नसे. पुढे तेच धान्य चढ्या भावाने विकत आणावे लागे. हे नुकसान साठवणुकीच्या कोणत्या तक्त्यात धरायचे?

यावर तोडगा नाही असे नाही. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवावा, त्याच्या किमतीवर कर्ज घ्यावे, भाव आल्यावर विकावा, ही कल्पना चांगली आहे. पण तीन पोती घेऊन तालुक्याच्या बाजार समितीत जाणाऱ्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब त्या कल्पनेत नाही.

पत्रकाचे हे मौन आपल्या ग्रामीण साहित्यातही आहे. तिथे खळे आहे, रास आहे, पेव आहे. पण ते समृद्धीचे चित्र म्हणून. जमिनीखालच्या बंद पेवात धान्य प्राणवायू संपविते, कर्बवायू साठतो आणि किडे मरतात. आजच्या हवाबंद पिशवीचे तत्त्व हेच. तोच वायू पेव उघडताच आत उतरणाऱ्या माणसालाही मारू शकतो, म्हणून आधी कंदील सोडून पाहत. आत उतरे तो गडी, धान्य मालकाचे. मराठी भाषेने मात्र ‘पेव फुटणे’ एवढेच जपले. वाक्प्रचारसुद्धा मालकाच्या बाजूने बोलतो.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) इथे वेगळी ठरते. दुष्काळात फकिरा साठविलेले धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो. शौर्यकथा म्हणून आपण ती गौरविली. साठवणीचे अर्थशास्त्र म्हणून वाचली नाही. धान्य किती टिकते, यापेक्षा ते कोणाच्या कुलपात टिकते, हा त्या कादंबरीचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात दाखवून दिले की शेताचा लहान-मोठेपणा नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते. अनुसूचित जातींचे ०.७८ हेक्टर. अशा तुकड्याला नुसते सुधारित बियाणे देऊन उत्पन्न वाढेल, पण ते घरात थांबणार नाही.

तेव्हा आपली मागणी पत्रक फाडण्याची नाही. ते पूर्ण करण्याची आहे. त्यात गायरान कसणारा यावा, ज्याच्या हाती अजून सातबारा नाही. बियाणे राखेत घोळून गाडग्यात जपणारी बाई यावी; ‘बंधूंनो’ या संबोधनात ती कधीच नव्हती. गोदाम गावात यावे आणि तीन पोत्यांवरही उचल मिळावी. आणि दलित लेखकाने कणगीवर लिहावे: ती कशी लिंपली, कोणत्या महिन्यात रिकामी झाली आणि का. ज्या साहित्याला हे कारण सांगता येत नाही, ते अजून शेतकऱ्याचे साहित्य झालेले नाही.