आधी माणूस, मग भिंत : कास्पार नेहर यांची प्राथमिक रेखाटने

नाटकाच्या नेपथ्याचे मूल्यमापन सामान्यतः पडदा उघडल्यावर जे दिसते त्यावरून होते. ते दृश्य ज्या कागदांवर प्रथम आकाराला आले, ते कागद एकतर सुतारशाळेत झिजून संपतात किंवा चौकटीत बसून चित्रप्रदर्शनात जातात, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचे मूळ कार्य नजरेआड होते. नेपथ्यकाराची रेखाटने एकाच जातीची नसतात. कोणती वस्तू रंगमंचावर कुठे येते हे मापांसह दाखवणारा जमिनीचा आराखडा बांधणाऱ्यांसाठी असतो, रंगीत दृश्यचित्र निर्माता आणि दिग्दर्शक यांची संमती मिळवण्यासाठी असते, आणि या दोहोंच्या आधी संहिता वाचता वाचता जे कच्चे रेखाटन होते, ते नेपथ्यकाराच्या स्वतःच्या विचारासाठी असते. या तिसऱ्या जातीच्या रेखाटनाला तालमीचे साधन करण्याचे काम जर्मन नेपथ्यकार कास्पार नेहर (१८९७–१९६२) यांनी ज्या सातत्याने केले, त्याला विसाव्या शतकातील युरोपीय रंगभूमीवर फारशी जोड सापडत नाही.

नेहर यांच्या आधीच्या पिढीने नेपथ्याला रंगवलेल्या पडद्याच्या सक्तीतून सोडवले होते. स्वित्झर्लंडचे अडॉल्फ आपिया यांनी १९०९च्या सुमारास काढलेल्या लयबद्ध अवकाशांच्या चित्रांत केवळ पायऱ्या, चौथरे आणि त्यांवर पडणारा प्रकाश आहे; इंग्लंडचे एडवर्ड गॉर्डन क्रेग यांच्या चित्रांत उंचच उंच उभे पृष्ठभाग आणि त्यांच्या पायथ्याशी बोटभर माणूस दिसतो. या दोघांचे ऋण मोठेच आहे. तरीही त्यांच्या कागदावर माणूस बहुधा अवकाशाचे माप दाखवण्यापुरता येतो; तो कोण आहे, त्याला काय हवे आहे, शेजारच्या माणसाशी त्याचे काय बिनसले आहे, हे त्या चित्रांत विचारलेच जात नाही. नेहर यांचे रेखाटन नेमके याच प्रश्नापासून सुरू होते.

नेहर आणि नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त हे आउग्सबुर्गमधील शाळासोबती. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढून परतलेल्या नेहर यांनी म्युनिकमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले, आणि १९२३मध्ये तेथेच एरिख एंगेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ब्रेख्तच्या ‘शहरांच्या जंगलात’ या नाटकाचे नेपथ्य केले. पुढच्या वर्षी ब्रेख्तने स्वतः बसवलेल्या ‘दुसरा एडवर्ड’चे नेपथ्यही त्यांचेच होते. ओलसर कागदावर पसरलेला पातळ रंग आणि त्यावर शाईची तुटक, चपळ रेघ ही त्यांची ओळखीची पद्धत. भिंत, आकाश, गल्ली हे सारे रंगाच्या डागात अर्धवट विरलेले असते, मात्र माणसाचा पाय कोणत्या दिशेला वळला आहे, खांदा कुणाकडे झुकला आहे, दोन माणसांत किती अंतर उरले आहे, हे रेघ अचूक सांगते. अशी रेखाटने एका प्रवेशाला एक नसत. प्रवेशातील महत्त्वाच्या वळणागणिक नवे चित्र निघे, आणि तालमीत दिग्दर्शक नटांची जागा, गट आणि हालचाल ठरवताना ती समोर ठेवी. म्हणून त्यांना दृश्यचित्रे म्हणण्यापेक्षा प्रसंगचित्रे म्हणणे योग्य ठरेल. चित्रातली रचना नटांना पेलली नाही तर ती बदले, आणि तिच्याबरोबर दाराची किंवा बाकाची जागाही बदले. वास्तू शेवटी ठरे. ब्रेख्तने नेहर यांच्याविषयी जे लिहिले त्याचा गाभाही हाच आहे, की हा कलावंत माणसांपासून आणि त्यांच्याबाबतीत जे घडते तिथपासून आरंभ करतो.

३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनच्या शिफबाउअरडाम नाट्यगृहात झालेल्या ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’त ही दृष्टी पूर्ण रूपात दिसली. मागे जत्रेतल्यासारखा मोठा ऑर्गन, त्याच्या पायऱ्यांवर वादक, दोन्ही बाजूंना प्रसंगांची शीर्षके उमटणारे पडदे, आणि पुढे तारेवर सरकणारा अर्ध्या उंचीचा साधा कापडी पडदा अशी ती मांडणी होती. हा अर्धा पडदा लग्नातल्या अंतरपाटासारखा असतो : त्यामागे कोणी उभे आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही तो दूर होण्याची उत्सुकता कमी होत नाही. १९३०मध्ये लाइपझिगला रंगलेल्या ब्रेख्तच्याच ‘महागोनी’ या ऑपेरात नेहर यांची रेखाटने स्वतःच रंगमंचावर आली. अतिखादाडपणाने मरणाऱ्या माणसाच्या प्रवेशात मागे प्रक्षेपित झालेला चित्रातला खादाड होता आणि त्याच्यापुढे बसून खाणारा नट होता, त्यामुळे चित्र हे घटनेची पार्श्वभूमी न राहता घटनेवरचे भाष्य झाले. याच ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि १९७८मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने तो सादर केला. तमाशात स्थळ नटाच्या बोलण्याचालण्यातून उभे राहते, भिंतींतून नव्हे. त्यामुळे नेहर यांनी दीर्घ प्रयासाने मिळवलेली मोकळीक मराठी प्रयोगाला आपल्याच परंपरेतून लाभली.

१९३३मध्ये ब्रेख्त देशाबाहेर गेला आणि नेहर जर्मनीतच राहिले. बर्लिनमध्ये हाइन्झ हिल्पर्ट यांच्याबरोबर नाटके, अनेक ऑपेरा, संगीतकार रुडॉल्फ वाग्नर-रेगेनी यांच्यासाठी लिहिलेल्या संहिता, असे त्यांचे काम अखंड चालू होते. या काळाकडे अभ्यासकांनी बहुधा दोन ओळींत पाहिले आहे. जॉन विलेट यांच्या १९८६मधील मोलाच्या ग्रंथातही शीर्षकापासूनच नेहर यांची ओळख ब्रेख्तचे नेपथ्यकार अशी होते. यात अन्याय आहे आणि सोयही आहे. अन्याय असा, की ऑपेरातल्या समूहाची हालचाल रेखाटताना नेहर यांनी जे कमावले ते पुढच्या कामात उपयोगी पडले असणार, हे दुर्लक्षित राहते. आणि सोय अशी, की हुकूमशाहीच्या छायेत प्रतिष्ठित नाट्यगृहांत काम करत राहणाऱ्या कलावंताविषयीचा अवघड नैतिक प्रश्न टाळता येतो. तो प्रश्न टाळून नेहर यांचे चरित्र लिहिणे अपुरेच ठरेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील कूर येथे १९४८मध्ये ब्रेख्त आणि नेहर यांनी ‘अँटिगनी’ उभी केली. मागे पडद्यांचे अर्धवर्तुळ, पुढे घोड्यांच्या कवट्या लावलेले खांब, आणि आपली पाळी नसताना नट उघडपणे बसून राहतील असे बाक एवढीच सामग्री होती. या प्रयोगावर पुढच्या वर्षी निघालेल्या पुस्तकात छायाचित्रांबरोबर नेहर यांची रेखाटने छापली गेली, आणि प्राथमिक चित्राला प्रयोगाच्या नोंदीइतके स्थान मिळाले. १९५०मध्ये जर्मन नाटककार लेन्झ यांच्या मूळ नाटकावरून ब्रेख्तने बेतलेल्या ‘होफमाइस्टर’ या नाटकाचे दिग्दर्शन ब्रेख्त आणि नेहर यांनी मिळून केले. घरशिक्षकाची मालकांपुढची लाचारी त्याच्या वाकण्यातून दाखवणाऱ्या या नाटकात नेपथ्यकार दिग्दर्शक झाला यात नवल नाही, कारण माणसाने किती वाकायचे हे ज्याचा हात कागदावर ठरवतो, तो दिग्दर्शनाचेच काम करत असतो.

आज या पद्धतीची स्थिती काय आहे? संगणकावर काढलेली दृश्ये माप, प्रकाश आणि पृष्ठभाग अतिशय विश्वासार्हपणे दाखवतात, आणि त्यांच्यामुळे बांधणीतल्या चुका टळतात हे मान्यच करावे लागेल. पण त्यांत माणूस पुन्हा उंचीचे माप दाखवणारी आकृती होऊन उभा असतो. दोष यंत्राचा नाही, वेळापत्रकाचा आहे. जर्मन भाषिक देशांतील मोठ्या नाट्यगृहांत तालमी सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी नियोजित नेपथ्याचा ढाचा लाकूड, कापड आणि पुठ्ठा वापरून रंगमंचावर उभा करून तपासला जातो, व त्यानंतर मोठे बदल क्वचितच शक्य असतात. म्हणजे नट पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वीच त्याची खोली ठरलेली असते, आणि नेहर यांनी जो क्रम उलटवला होता तो पुन्हा सरळ झालेला असतो. नाट्यपरीक्षणेही या क्रमाला बळ देतात, कारण त्यांत नेपथ्याची दखल शेवटच्या परिच्छेदात प्रकाशयोजना आणि वेशभूषा यांच्यासह एका विशेषणात उरकली जाते. नेहर यांची रेखाटने प्रदर्शनात एकेकटी टांगण्याऐवजी प्रवेशाच्या क्रमाने, संहितेच्या त्या त्या ओळींशेजारी मांडली आणि नाट्यशिक्षणात तशीच वाचायला शिकवली, तर तरुण नेपथ्यकाराला खोलीच्या आधी खोलीतले भांडण रेखाटता येईल, आणि दिग्दर्शकालाही त्याला तालमीच्या पहिल्या दिवसापासून सोबत बसवावे लागेल.