किनवुन मिंजी : राजा निवडणारा मंत्री

थिबा राजा म्हटलं की आपल्याला रत्नागिरीचा राजवाडा आठवतो. १८८६ ते १९१६, तीस वर्षं तो तिथे नजरकैदेत होता. पण त्याला मंडालेच्या गादीवर बसवलं कोणी? आज आपण त्या मंत्र्याविषयी बोलतो आहोत : किनवुन मिंजी ऊ काउंग.

काही जण त्याला फितूर म्हणतात, काही जण द्रष्टा सुधारक. आमच्या मते दोन्ही मतं अपुरी आहेत, कारण दोन्ही १८८५ पाशीच घोटाळत राहतात.

थोडं मागे जाऊ. १८७२ साली मिंडॉन राजाने त्याला वकिलात घेऊन लंडनला धाडलं. कलकत्त्याला टाळून थेट राणीशी करार करावा, हा हेतू. व्हिक्टोरिया राणी भेटली खरी, पण त्यांना तिच्यापुढे नेलं ते भारतमंत्र्याने, परराष्ट्रमंत्र्याने नव्हे! ब्रह्मदेश हे हिंदुस्थानच्या खात्यातलं प्रकरण आहे, हे न बोलता सांगून झालं. या प्रवासाची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. यंत्रांचं आणि कारखान्यांचं बळ त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणूनच १८७८ चा त्याचा निर्णय तपासायला हवा. मिंडॉन मरणपंथाला लागला, तेव्हा सिन्ब्यूमाशिन राणीच्या साथीने त्याने तरुण, मवाळ थिबाला पुढे केलं. हिशेब सोपा होता : राजा नावापुरता, कारभार मंत्र्यांचा. पण युरोपात राजाला वेसण घालणारी संसद होती, कायदा होता. इथे काय होतं? दुबळ्या राजाची सत्ता मंत्र्यांकडे आली नाही, राणी आणि तिच्या गोटाकडे गेली. १८७९ च्या फेब्रुवारीत राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली. मंत्री ती थांबवू शकला नाही.

पुढे १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा कंपनीच्या, म्हणजे आपल्या मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीच्या, सागवानाचं निमित्त झालं. इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता आला. नमतं घ्या, हा त्याचा सल्ला शहाणपणाचा होता. पण ऐकणार कोण? नोव्हेंबर संपायच्या आत मंडाले पडलं. राजा रत्नागिरीला गेला आणि मंत्री पुढे, १८९७ साली, इंग्रजांच्या कायदेमंडळात बसला.

हे शेवटचं पाऊल आम्हाला खटकतंच. पण त्याचा खरा दोष त्याआधीचा आहे. सुधारणा म्हणजे सोयीचा माणूस निवडणं, असं तो समजला. व्यवस्था उभी करायची राहून गेली, आणि त्याची किंमत साऱ्या देशाने मोजली.