सरकारी वकिलाने कुठे थांबावं?

श्रोतेहो, खटल्याच्या शेवटी सरकारी वकील युक्तिवादाला उभा राहतो, तेव्हा त्याने काय बोलू नये, हा आजचा मुद्दा. आपण सांगलीकर नाट्यपंढरीची माणसं. चांगल्या स्वगताला टाळी द्यायची आपली सवय जुनी. पण कोर्टातलं भाषण टाळीसाठी नसतं. पुराव्यावरून निष्कर्ष काढायचा आणि पुरावा संपला की थांबायचं, एवढंच त्याचं काम.

हा प्रश्न अमेरिकेसारख्या ज्युरीच्या देशांचा, असं आपल्याकडे मानलं जातं. नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं होतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही. मग कायदा शिकलेले न्यायाधीश भाषणाला कसे भुलतील?

आम्हाला हे पुरतं पटत नाही. पुण्याचा सारडा खटला पाहा. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. आरोपीच्या कलम 313 खालच्या जबाबात जी परिस्थिती त्याच्यापुढे ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आणि आरोपीचा बचाव खोटा ठरला, म्हणून साखळीतली तुटलेली कडी जुळत नाही. म्हणजे 'केलं असेल' पासून 'त्यानेच केलं' पर्यंतचं अंतर वक्तृत्वाने भरता येत नाही. शिकलेल्या न्यायाधीशांनाही हे बजावून सांगावं लागलं, बरं का!

आता कसाब खटला. इथे पुरावा भक्कम होता. तरी 2015 मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरला स्वतःच सांगितलं, की कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती; त्याच्याविषयी तयार होणारी भावनिक लाट मोडण्यासाठी. ही गोष्ट माध्यमांपुढची, कोर्टातल्या युक्तिवादातली नव्हे, हे खरं. पण आमचा आक्षेप नेमका तिथेच आहे. कोर्टात जे टिकलं नसतं ते दाराबाहेर सांगितलं, तर ज्युरी गेली कुठे? ती घरोघरी टीव्हीसमोर बसली. आणि तिथे उलटतपासणी नसते.

कोणी म्हणेल, अतिरेक्यासाठी एवढा कीस कशाला? कसाबसाठी नव्हेच. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली, ती पुराव्यावर. बिर्याणीची गरज पडली नाही. पण सरकारी वकील आपल्या सर्वांच्या नावाने बोलतो. त्याने रचलेली गोष्ट आपल्याही खात्यावर जमा होते. गणितात उत्तर बरोबर आलं, म्हणून चुकीची रीत बरोबर ठरत नाही.

तेव्हा युक्तिवाद ऐकताना प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारावेत: हे कोणत्या पुराव्यातून आलं? आणि आरोपीला याचं उत्तर द्यायची संधी मिळाली का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर ते वाक्य कितीही देखणं असो, ते हिशेबात धरू नये.